पार्क ग्वेल, बार्सिलोना: नुसता सरड्याचा फोटो काढून परत फिरू नका

बार्सिलोनाला गेलेला माणूस पार्क ग्वेलला जातोच, आणि बरेच जण जिन्यावरच्या त्या रंगीत सरड्याच्या पुतळ्यापाशी रांग लावून फोटो काढतात, वर बाकावर बसून अजून चार काढतात आणि तासाभरात बाहेर. वाईट वाटतं हो बघून, कारण ही जागा फोटोपेक्षा खूप मोठी आहे. एक गोष्ट डोक्यात ठेवून गेलात तर सगळं पार्क उलगडत जातं, ती म्हणजे ही बाग म्हणून बांधलेलीच नाही. ही श्रीमंतांसाठीची हाऊसिंग कॉलनी होती, आणि ती चालली नाही.

एउसेबी ग्वेल नावाच्या बड्या उद्योगपतीने ही टेकडी घेऊन 1900 मधे काम आर्किटेक्ट अंतोनी गाउदीकडे दिलं. साठेक प्लॉट पाडायचे, प्रत्येकाने प्लॉटच्या थोड्याशाच भागावर बांधकाम करायचं, बाकी झाडं, असे नियम. पण तेव्हा ही जागा शहरापासून लांब, जायची यायची सोय नाही, अटी कडक, त्यामुळे प्लॉट खपलेच नाहीत आणि घरं उभी राहिली फक्त दोन. 1914 ला काम थांबलं, 1918 ला ग्वेल गेला आणि 1926 मधे ते सार्वजनिक पार्क झालं. म्हणजे आज आपण जे बघतो ते कॉलनीचं गेट, वॉचमनचं घर, रस्ते, बाजार आणि पाण्याची टाकी, फक्त राहायला माणसं आलीच नाहीत.

आता तिकिटाचं. ऑफिशियल साइटवरूनच काढा आणि आधी काढा, गेटवर जाऊन बघू असं अजिबात ठरवू नका. मोठ्यांना 18 युरो, पूर्वी 10 होतं, मुलांना आणि 65 वरच्यांना सवलत आहे, अगदी लहानांना फुकट, वयाचा पुरावा जवळ ठेवा. तिकिटावर वेळ असते आणि त्या वेळेपासून अर्ध्या तासात आत शिरावं लागतं, आणि एकदा बाहेर पडलं की परत आत सोडत नाहीत, म्हणून खाऊन पिऊन आलो परत असला बेत नको. जुन्या लेखांमधे लिहिलेलं असतं की मधला भाग सोडला तर बाकी पार्क फुकट आहे, ते आता धरून चालू नका. सकाळचा पहिला स्लॉट मिळाला तर डोळे झाकून घ्या, दहा साडेदहानंतर ग्रुप टूर यायला लागतात आणि उन्हाळ्यात वरच्या गच्चीवर सावली म्हणून नसते.

जायचं कसं हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. बरोबर आई होती आणि तिचे गुडघे चढ म्हटलं की कुरकुरतात, म्हणून आम्ही प्लासा कातालुन्या या शहराच्या मधल्या चौकातून 24 नंबरची बस घेतली. ती कार्मेलच्या रस्त्यावर सोडते, तिथलं गेट साधारण गच्चीच्याच उंचीवर आहे, त्यामुळे चढण जवळपास वाचते. ज्येष्ठ मंडळी असतील तर हाच मार्ग घ्या. मेट्रोने जायचं तर हिरवी एल-3 लाइन. लेसेप्सला उतरलात तर बरंच चालायचं आणि शेवटी चांगलाच चढ, वायकार्काला उतरलात तर बाशादा दे ला ग्लोरिया नावाच्या गल्लीत उघड्यावरचे सरकते जिने आहेत, तुकड्या तुकड्यात आहेत आणि मधे पायऱ्या चढाव्या लागतातच. निघण्याआधी कुठली गेटं उघडी आहेत ते साइटवर बघून घ्या.

अजून एक छोटी 116 नंबरची बस आहे, ती मॅपवर दिसत नाही म्हणून चक्रावू नका. टुरिस्टांच्या गर्दीमुळे तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्या लोकांना स्वतःच्याच बसमधे जागा मिळेना, तेव्हा रहिवाशांच्या मागणीवरून 2024 मधे पालिकेने ती गूगल मॅपवरून काढायला लावली. मला हे फार पटलं. ती बस त्यांना राहू द्या, आपल्याला पर्याय आहेत. आणि बस-मेट्रोच्या कार्डाचं लक्षात ठेवा, 10 फेऱ्यांचं टी-कॅज्युअल एकाच माणसाला चालतं, घरच्यांनी मिळून वापरायचं तर 8 फेऱ्यांचं टी-फॅमिलियार घ्या.

आत गेल्यावर आधी गच्ची. कडेने नागमोडी बाक आहे, सगळा फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी मढवलेला, या कामाला तिकडे त्रेंकादीस म्हणतात, आणि यातलं पुष्कळसं डोकं गाउदीचा सहकारी जुजोल याचं आहे. लांबून फोटो काढण्यापेक्षा एका जागी बसा आणि हातभर लांबीचा तुकडा नीट बघा, अर्धं फूल एका तुकड्यावर, त्याच्या शेजारी भलत्याच फरशीची निळी रेघ, पुढे नुसता पांढरा, आणि तरी नजर कुठे अडखळत नाही. टेकायला पण बाक मस्त आहे, पाठीला बरोबर आधार मिळतो, आई तिथून उठायलाच तयार नव्हती.

पण खरी गंमत पायाखाली आहे. गच्चीवर फरशी नाही, माती वाळू आहे, का तर पावसाचं पाणी त्यातून गाळून खाली जावं म्हणून. खाली 86 खांबांचं दालन आहे, ते कॉलनीच्या बाजारासाठी होतं, आणि त्या खांबांच्या आतून नळ्या काढून पाणी जमिनीखालच्या टाकीत सोडलंय, टाकी 12 लाख लिटरची! मूळ टेकडी उजाड, पाण्याची बोंब, म्हणून हा सगळा खटाटोप. टाकी भरून वाहायला लागली की जास्तीचं पाणी जिन्यावरच्या त्या सरड्याच्या तोंडातून बाहेर, आपल्याकडच्या गोमुखासारखं. हे कळल्यावर तो सरडा बघायची मजाच वेगळी, नाहीतर नुसतं रंगीत खेळणं वाटतं. खांबांच्या दालनात मान वर करून छत बघायला विसरू नका, काही ठिकाणी खांब गाळून तिथे मोठी सूर्यासारखी वर्तुळं केलीत, त्यात कपबशांचे तुकडे आणि बाटल्यांचे तळ ओळखू येतात. आणि कडेचे खांब आत झुकलेले आहेत ते पण बघा, वरच्या गच्चीचा भार पेलायला.

गर्दी नको असेल तर दगडी पुलांच्या बाजूला जा. टेकडी कापून सपाट करण्याऐवजी तिच्या उतारानेच रस्ते फिरवलेत आणि तिथलेच ओबडधोबड दगड वापरलेत, तिरक्या खांबांखालून चालताना हा दगड कुठे संपतो आणि टेकडी कुठे सुरू होते कळत नाही. मला अख्ख्या पार्कात हे सगळ्यात आवडलं, आणि तिथे माणसं तुरळक. पोपटांचा कलकलाट मात्र भरपूर, हिरवे मंक पॅराकीट ताडामाडांवर घरटी करून आहेत.

गाउदी 1906 पासून जवळजवळ वीस वर्षं ज्या गुलाबी घरात राहिला ते आत आहे, पण ते पार्कच्या तिकिटात धरलेलं नाही. ते बाहेरून बघा आणि वेळ पार्कातल्याच तीन क्रूसांच्या टेकडीला द्या, तिथून गाउदीच्याच सगराडा फामिलिया चर्चपासून समुद्रापर्यंत सगळं शहर दिसतं. वर जायची वाट दगडगोट्यांची आहे, चपला नकोत, ग्रिपचे बूट घाला. वर चढाई न झेपणाऱ्यांना गच्चीवरून पण छान दिसतं.

एकूण दोन अडीच तास हाताशी ठेवा. पाण्याच्या बाटल्या भरून न्या, आणि मेट्रोत व सरड्यापाशीच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात, सॅक पुढे घ्या, पाकीटमारांसाठी हे शहर बदनाम आहे. सगराडा फामिलिया त्याच दिवशी करणार असाल तर तिचा स्लॉट दुपारी उशिराचा घ्या, पश्चिमेच्या काचा लाल केशरी आहेत आणि ऊन उतरताना आत तो रंग पसरतो. मधे जेवायला आणि पाय मोकळे करायला दोनेक तास राहतील एवढं अंतर दोन्ही तिकिटांत ठेवा.