सीटी स्कॅनची उष्णता सोडायची कुठे?

लातूरच्या ज्या धर्मादाय रुग्णालयात मी बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून काम करतो, तिथे जुने सीटी यंत्र बदलायचे ठरले तेव्हा किमतीवर तीन बैठका झाल्या आणि ते थंड कसे ठेवायचे हा प्रश्न एका वाक्यात माझ्याकडे सोपवला गेला. विक्रेत्याने एकाच यंत्राचे दोन पर्याय दिले होते, एक हवेने थंड होणारा आणि दुसरा पाण्याने. ‘पाणी’ हा शब्द ऐकताच एका विश्वस्तांनी विचारले, “साहेब, रोजचे टँकर किती लागतील?” ज्या शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. कूलिंग टॉवर असेल तर पाण्याची वाफ होऊन ते उडून जाते हे खरे. पण आम्हाला सुचवलेला चिलर, म्हणजे पाणी गार करणारे यंत्र, पंख्याचा होता, त्यातले पाणी बंद नळ्यांतून फिरत राहते आणि एकदा भरल्यावर गळती झाली तरच त्यात भर घालावी लागते. टँकरचा मुद्दा तिथेच मिटला.

खरा मुद्दा उष्णतेचा होता. एक्स-रे ट्यूबला दिलेल्या ऊर्जेतून क्ष-किरण होतात ते जेमतेम एक टक्का. बाकी सगळी उष्णता टंगस्टनच्या फिरत्या चकतीत साठते, तेथून भोवतालच्या तेलात उतरते, आणि ते तेल थंड करण्याचे काम गॅन्ट्रीतले, म्हणजे ट्यूब ज्यात फिरते त्या यंत्राच्या गोल चौकटीतले, पंखे तरी करतात किंवा पाणी तरी. पंखे ती उष्णता खोलीत सोडतात, म्हणून तो भार एसीवर पडतो. पाणी ती परस्पर बाहेरच्या चिलरकडे नेते. आमच्यासारख्या ठिकाणी दोन्ही वाटा शेवटी त्याच गच्चीवर, मे महिन्याच्या त्याच तापलेल्या हवेत जाऊन पोहोचतात, हे मला कागदावर आकृती काढेपर्यंत नीट उमगले नव्हते.

साइट प्लॅनिंगच्या पुस्तिकेनुसार हवेच्या पर्यायात गॅन्ट्री खोलीत सुमारे ७ किलोवॅट उष्णता सोडणार होती. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा दोन टन एकट्या यंत्राचे. त्यात माणसे, दिवे आणि पश्चिमेची भिंत मिळवून मी दोन-दोन टनांचे दोन एसी आणि तेवढाच एक राखीव धरला. चिलरची किंमत याहून बरीच जास्त होती, पण मला खटकली ती वेगळी गोष्ट: चिलर बंद पडला तर त्याच्या जागी लावायला दुसरा नव्हता, आणि दुरुस्तीचा माणूस पुण्याहून यायचा. एसीचा मेकॅनिक आमच्याच गल्लीत राहतो.

मुंबईतल्या एका रुग्णालयात पाण्याचा पर्याय पाहायला गेलो होतो. तिथे दिवसभर हृदयाचे स्कॅन लागोपाठ चालतात, आणि अशा कामाला पाणीच योग्य, हे मी अहवालात स्पष्ट लिहिले. मात्र फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलल्यावर नळीचे काळे आवरण एका जोडापाशी फाटलेले दिसले, आणि त्याखाली ठेवलेल्या सलाईनच्या रिकाम्या बाटलीत दमट हवेतले दव थेंबथेंब साठत होते. दिवसाला वीस-पंचवीस रुग्णांच्या आमच्या केंद्रासाठी मी हवेचा पर्याय सुचवला.

यंत्र बसले आणि पहिल्याच एप्रिलमध्ये दुपारी ‘ट्यूब थंड होत आहे, थांबा’ असा संदेश येऊ लागला. एसीवर तर २० अंश दिसत होते. मी थर्मामीटर गॅन्ट्रीच्या मागे धरला, तेव्हा पारा २८ वर! दोन्ही एसी टेबलाच्या बाजूला होते, त्यामुळे गार हवा रुग्णाच्या पायांवर पडत होती आणि मागची गरम हवा तिथेच घुटमळत होती. शिवाय कुणीतरी घडी केलेली ब्लँकेटे गॅन्ट्रीच्या खालच्या जाळीला टेकवून ठेवली होती. एक एसी मागच्या भिंतीवर हलवला, ब्लँकेटांसाठी बाहेर कपाट केले. वीज गेल्यावर यंत्र यूपीएसवर चालते, पण एसी नाहीत. म्हणून जनरेटर सुरू होऊन एसी पुन्हा चालू झाल्याशिवाय नवा रुग्ण टेबलावर घ्यायचा नाही, अशी सूचना तंत्रज्ञांनी स्वतःच दारावर लावली आहे.