हेल्मेटवरचा हिरवा ठिपका

2023 च्या ऑगस्टमध्ये आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या फँटसी लीगचा ड्राफ्ट झाला. म्हणजे खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे आणि मैदानावर ते जे करतील त्याचे गुण आपल्याला. ऐरोलीच्या ऑफिसमधले आम्ही दहा जण, कॅन्टीनच्या कोपऱ्यातलं टेबल, आणि माझी पाळी आल्यावर मी जॅक कॅम्पबेलचं नाव घेतलं. एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचे संघ दर वर्षी कॉलेजची पोरं निवडतात, त्या खऱ्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉइट लायन्सने त्याला एप्रिलमध्ये अठराव्या क्रमांकावर उचललं होतं. कॉलेजच्या सर्वोत्तम लाइनबॅकरला, म्हणजे बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला, मिळणारा बटकस पुरस्कार नुकताच त्याला मिळालेला. आणखी काय पाहिजे?

शेवटच्या फेरीत आमच्यातल्या घणसोलीच्या मित्राने आयव्हन पेस ज्युनियर घेतला. मिनेसोटा वायकिंग्जचा, तोही लाइनबॅकर. त्या वर्षी एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये अडीचशेहून जास्त पोरं निवडली गेली, त्यांत हा नव्हता. कोणीच न घेतलेला खेळाडू नंतर वायकिंग्जने करारावर घेतला होता.

सीझन संपला तेव्हा कॅम्पबेलच्या नावावर 95 टॅकल (चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणं) होते आणि पेसच्या 102.

सात टॅकलचा फरक फार नाही. पण मी सुरुवातीचीच एक निवड खर्च केली होती आणि त्याने शेवटची. तेव्हापासून रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षातले, बचावपटू निवडण्याची माझी पद्धत बदलली, तीच इथे लिहितोय. कारण आपल्याकडे हा खेळ बघणारे वाढलेत, पण आमच्यासारखे बचावपटू एकेक करून घेणारे लीग अजून मोजकेच. बहुतेक लीगमध्ये संपूर्ण संघाचा बचाव एकत्र घेतात. आमच्यात प्रत्येक माणूस वेगळा. सोलो टॅकलला, म्हणजे एकट्याने पाडलं तर, 2 गुण, दुसऱ्यासोबत पाडलं तर असिस्टचा 1, सॅकला 4. म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी आडवा केला की चार.

चार गुण बघून माणूस भुलतो. 2022 मध्ये जॅक्सनव्हिलने ट्रेव्हन वॉकरला अख्ख्या ड्राफ्टमध्ये पहिला घेतला. पहिल्या वर्षात त्याचे सॅक साडेतीन. म्हणजे पूर्ण सीझनचे सॅकचे गुण 14. आता 2018 चा डॅरियस लेनर्ड बघा. इंडियानापोलिसने दुसऱ्या फेरीत, छत्तिसाव्या क्रमांकावर घेतलेला, साउथ कॅरोलायना स्टेटसारख्या छोट्या कॉलेजचा मुलगा. पहिल्याच वर्षी 163 टॅकल, लीगमध्ये सर्वांत जास्त. ते सगळे असिस्ट धरले तरी 163 गुण होतात, आणि वर 7 सॅक. सॅक हा सणासुदीचा पदार्थ आहे; रोजची भाकरी टॅकलचीच.

आणि टॅकल कोणाला मिळतात? जो मैदानावर उभा असतो त्याला. हे इतकं साधं आहे की मला समजायला दोन सीझन लागले, याची अजून चुटपूट लागते. खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं, कारण मी कळव्यात आमच्या मंडळाकडून सहा वर्षं कबड्डीत डावा कोपरा खेळलोय. चढाईपटू कोपऱ्याकडे येतोच. बोनस घ्यायला आला तरी पाय माझ्यासमोरच टाकणार. मध्यरक्षक माझ्यापेक्षा ताकदवान होता, पण पकडी माझ्या नावावर जास्त. जागाच तशी होती.

अमेरिकन फुटबॉलमध्ये तसा कोपरा म्हणजे मधला लाइनबॅकर. पण एक अडचण असते. समोरच्या संघाने पास झेलणारे खेळाडू वाढवले की बचाव करणारा संघ एक लाइनबॅकर बाहेर काढून पाचवा मागचा खेळाडू आणतो. हल्ली निम्म्याहून जास्त वेळ असंच चालतं. म्हणजे कागदावर तीन लाइनबॅकर असले तरी तिसरा बराच वेळ बाहेर. रूकी कितवा आहे, हे त्याच्या कॉलेजच्या व्हिडिओत दिसत नाही. प्रत्येक सामन्यानंतर स्नॅपचे आकडे येतात, म्हणजे कोण किती डाव मैदानावर होता, ते बघायचे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं मला अप्पांनी दाखवलं. रविवारी रात्री साडेदहाला सामने सुरू होतात, नोव्हेंबरनंतर साडेअकराला. अप्पा रात्री उशिरापर्यंत जागेच असतात. ते स्वतः जुने कबड्डीवाले, आणि त्यांना या खेळाचे नियम अजूनही अर्धेच माहीत आहेत. त्या वर्षी हिवाळ्यात वायकिंग्जचा सामना लॅपटॉपवर लावला होता. अप्पा शेजारी येऊन बसले. पाचेक मिनिटांनी म्हणाले, "अरे, तो हात करून सगळ्यांना हलवतोय, तो कोण?"

"पेस. नवीन आहे, अप्पा."

"नवीन असून सगळे त्याचं ऐकतायत? मग पकड कोणी केली ते नंतर बघ. आधी संघाला उभं कोण करतंय ते बघ. तो बाहेर जाणार नाही."

पेसच्या हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका होता. 2008 पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. प्रशिक्षक त्यातून डाव सांगतो, डाव सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की आवाज बंद. एका वेळी मैदानावर असा एकच माणूस, म्हणून त्याला सहसा बाहेर काढत नाहीत. वायकिंग्जचा अनुभवी जॉर्डन हिक्स जखमी झाल्यावर तो ठिपका पेसकडे आला होता. डेट्रॉइटमध्ये मात्र तो अ‍ॅलेक्स अँझालोनकडे होता आणि माझा कॅम्पबेल बऱ्याच वेळा बाकावर.

कॉर्नरबॅकचं, म्हणजे कडेला राहून पास अडवणाऱ्याचं, गणित उलटं असतं, तेही सांगतो. 2022 मध्ये सॉस गार्डनर जेट्सकडून वर्षातला सर्वोत्तम रूकी बचावपटू ठरला, पण इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा पास मध्येच झेलणं, फक्त 2. इतका चांगला की त्याच्या बाजूला चेंडू टाकायला लोक कचरू लागले. फँटसीत मला थोडा कच्चा, पण रोज खेळणारा रूकी कॉर्नर चालतो. क्वार्टरबॅक मुद्दाम त्याच्यावरच चेंडू टाकतात आणि तो पाडापाडी करत राहतो. सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचा बचावपटू, घ्यायचा तर पुढे, लाइनबॅकरच्या जवळ उभा राहणारा घ्यावा. आणि असिस्टच्या आकड्यांवर फार विसंबू नये. कोणता टॅकल सोलो आणि कोणता वाटून द्यायचा, हे स्टेडियमची नोंद करणारी माणसं ठरवतात, आणि सगळीकडे हात सारखा नसतो. कबड्डीत साखळीतल्या दोघांनी धरलं तरी गुण एकाच्याच खात्यात जातो, तेव्हा ही तक्रार माझ्या चांगल्या ओळखीची.

आमच्या लीगमध्ये तीन खेळाडू पुढच्या वर्षी ठेवता येतात. 2024 मध्ये मी कॅम्पबेलला सोडायच्या बेतात होतो. अप्पा म्हणाले, "ठेव रे. जागा मिळायची आहे अजून त्याला." ठेवला.

17 नोव्हेंबरला लायन्सने जॅक्सनव्हिलला 52-6 ने धुतलं, पण त्या सामन्यात अँझालोनच्या हाताचं हाड मोडलं. हिरवा ठिपका कॅम्पबेलकडे आला. सीझन संपला तेव्हा त्याचे टॅकल होते 131. त्या जॅक्सनव्हिलच्या रात्री सामना संपेपर्यंत अप्पा झोपले होते. सकाळी ठाण्याची गाडी पकडायच्या आधी, चहाचा कप हातात देताना त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आता बाहेर काढतात का त्याला?"

"नाही अप्पा. आता नाही."