१९३७ पॅटर्नचा संच: लूपवाला खांदापट्टा मिळाला

अखेर जोडी जमली. १९३७ पॅटर्न वेबिंगचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि भारतीय सैनिकांच्या जाड सुती पट्टे-पाऊचच्या संचाचे, दोन खांदापट्टे वरवर सारखेच दिसतात, पण त्यातल्या एकाच्या रुंद भागावर लूप शिवलेली असते. दुसरा पट्टा तिच्यातून ओवला की पाठीवर फुली पडते आणि ओझं जागेवर राहतं. जोडी म्हणून विकायला येतात त्यात बऱ्याचदा दोन्ही बिनलूपचे निघतात. म्हणून पाठीकडच्या भागाचा फोटो मागून घ्यावा. पुढच्या फोटोवरून काही कळत नाही.

हा पट्टा भारतीय बनावटीचा आहे, आणि मला त्याचंच जास्त अप्रूप. ब्रिटिश मालावर सरकारी खुणेचा शिक्का म्हणून नुसता बाण असतो, कॅनडाच्या मालावर इंग्रजी सी अक्षराच्या पोटात बाण, तर आपल्याकडच्या मालावर बाणासोबत आय. विणकाम थोडं जाडंभरडं आहे, रंगही एकसारखा नाही. कुणी याला दुय्यम माल म्हणतं, ते मला मुळीच पटत नाही. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी आणि शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत ज्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, त्या लढायांतल्या भारतीय पलटणींच्या अंगावर याच पॅटर्नचं वेबिंग होतं. आपण ते जपायचं नाही तर कुणी जपायचं?

आता साफसफाईबद्दल. पट्ट्यावर ब्लँकोचा हिरवट थर आहे. कुठल्यातरी जवानाने पाण्यात कालवून ब्रशने चढवलेला तो रंग म्हणजे वस्तूच्या वापराचा पुरावाच. पाण्यात घातला की थर जातो, शिक्क्याची शाई फिकी पडते आणि हाती उरतं ते कुणाचंच नसलेलं कापड. मी फक्त मऊ ब्रशने धूळ झाडली. जाळीचं कापड वर धरून व्हॅक्यूम अगदी कमी जोरावर फिरवला. ब्लँको बाहेरच्या बाजूने लावत, त्यामुळे शिक्के शोधायचे ते आतून. टॉर्च कापडाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकला आणि भिंगातून पाहिलं. आधी बाण दिसला, मग आय, आणि सालातला शेवटचा ३. मधला आकडा शिवणीखाली गेलाय. बाकीच्या खुणा पाहता १९४३ म्हणायला हरकत नाही, पण नोंदवहीत मी तिथे प्रश्नचिन्हच ठेवलंय.

पितळी टोकांवर जंगाल धरलं होतं, ते कोरडंच, लाकडी टूथपिकने टोकरून काढलं. पॉलिश लावलं नाही. पॉलिशचा गाळ विणीत शिरतो आणि पांढरट होऊन तिथेच बसतो, मग तो काही केल्या निघत नाही.

अतिनील टॉर्चखाली एका कडेची शिवण निळसर चमकली, कापड मात्र काळोखंच राहिलं. कपडे उजळ दिसावेत म्हणून वापरतात ती रसायनं युद्धानंतर सर्रास झाली, म्हणजे हा धागा मागाहूनच्या दुरुस्तीचा असणार. पण चमक दिसली म्हणून लगेच नकली ठरवू नका. अस्सल तुकडा आजच्या डिटर्जंटने धुतला तरी तोही चमकतो. शिवण आणि कापड वेगवेगळं वागतंय का, ते पाहायचं.

दोन्ही पाऊच आधीपासून आहेत. प्रत्येकात ब्रेन गन या हलक्या मशिनगनची दोन मॅगझिन मावतात. पाऊचचं माप ठरलं ते त्यावरूनच. आत अॅसिडमुक्त कागदाचे बोळे भरून ठेवलेत, म्हणजे कोपऱ्यांना घड्या पडत नाहीत.

पाण्याच्या बाटलीच्या फेल्टला कसर लागल्यासारखी दिसतेय. सुती वेबिंगला ती सहसा शिवत नाही, पण लोकर म्हटलं की तुटून पडते. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवली आहे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर दव धरून फेल्ट ओलं होतं.

गॅस मास्कचा सध्या विचार नाही. त्या काळातल्या ब्रिटिश फिल्टरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो तोंडावर चढवून फोटो काढू नये, फिल्टर उघडूही नये. बंद पिशवीत ठेवावा.

संचात आता लहान पॅक, म्हणजे पाठीवरची छोटी पिशवी, तेवढी मिळवायची उरलीय. भारतीय शिक्क्याचीच हवी, भले रंग उडालेली असो. फक्त कुणी धुतलेली नको.