आमची वाटचाल : आम्हीच घातलेला पाइप

बेळगावात आम्हाला सगळे 'सायलेन्सरवाले' म्हणतात. पाटीवर वर कन्नडात आणि खाली मराठीत रीतसर नाव लिहिलंय, पण ते बँकेच्या पासबुकापुरतंच. बाबांनी उद्यमबागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये कार्बाइडची टाकी ठेवून गॅस वेल्डिंग सुरू केलं, तेव्हा काम म्हणजे ट्रक आणि ट्रॅक्टरचे फुटलेले सायलेन्सर. उसाचा हंगाम लागला की गिऱ्हाईक रांगेत असायचं, पावसाळ्यात माशा मारायच्या. मी दहावीनंतर हाताखाली आलो तो गॉगल लावूनच.

पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला तो 1995 च्या एप्रिलात, तोही आधी चार महानगरांत. आमच्याकडे तो पोचला मुंबई-पुण्याच्या सेकंडहँड गाड्यांच्या पोटाखालून. बाबांना वाटलं, हा दुसरा सायलेन्सरच असणार. कापून बघितला तर आत मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनीमातीची वीट, बोटाने दाबली की चुरा होणारी. त्या पोळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा नुसता हात फिरवलेला असतो. न जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड तिथे जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनची विषारी ऑक्साइडं फुटून साधा नायट्रोजन उरतो. हे मला कळलं बऱ्याच वर्षांनी. तेव्हा एवढंच कळायचं, की भंगारवाला त्या चुऱ्याला रोख पैसे देतो.

लिहायला जरा जड जातंय, पण आमच्या दुकानाचा जम बसला तो कॅट, म्हणजे हाच कन्व्हर्टर, कापूनच. एखादा प्लग मिसफायर करत असला की कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन पेटतं, पोळं वितळतं आणि वाट बंद. कधी खानापूरकडच्या ओढ्यात तापलेली गाडी घातली की वीट तडकते, मग खालून रबरी हातोडीने ठोकलं तर खुळखुळ्यासारखी वाजते. अशी गाडी चोर्ला घाट चढत नाही. नवीन कॅटची किंमत ऐकून माणूस खुर्चीवर बसायचा. आम्ही म्हणायचो, "कशाला ओ खर्च? सरळ पाइप घालून देतो." तासाभरात काम. गाडी सुसाट पळायची, गिऱ्हाईक खूश, वर भंगाराचे पैसे वेगळे. पुढेपुढे कॉलेजची पोरं नुसत्या आवाजासाठी चांगल्या कॅट कापून घ्यायला यायला लागली. तीही कामं केली.

मग निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी आले. वर्षभरापूर्वी त्यांच्या गाडीच्या दोन्ही कॅट, इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या मॅनिफोल्डजवळची आणि पोटाखालची, आम्हीच काढल्या होत्या. "मामा, गाडीत बसलं की डोळे चुरचुरतात. गोव्याला जाताना कणकुंबीच्या आधीच धाकटीला उलटी झाली. आई तर म्हणते, मी एसटीनेच येते."

आधी वाटलं, पेट्रोल गळत असेल. टाकी, होस, इंजेक्टर बघितले, सगळं कोरडं. मग टेलपाइपमध्ये ब्लोअर लावून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे, माझ्याच वेल्डिंगच्या टाक्याला, फेस आला. सुईच्या टोकाएवढं भोक. तिथून धूर बाहेर येतो ते समजतं, पण दोन ठोक्यांच्या मध्ये तिथूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि पोट भरलेल्याला आग्रहाने वाढावं तसं तो आणखी पेट्रोल सोडत राहतो. मागच्या सेन्सरला आम्ही स्पेसर, म्हणजे त्याला धुरापासून लांब धरणारी नळी, लावून चेक लाइट बंद केलेला, त्यामुळे डॅशबोर्डवर सगळं आलबेल.

टाका परत मारला. टेलपाइप बंपरच्या आतच संपत होता, तो बाहेर काढला, कारण पळत्या गाडीच्या मागे हवेचा भोवरा होतो आणि धूर डिक्कीकडे फिरतो. डिक्कीचं रबर लाकडासारखं कडक झालं होतं, ते बदललं. मागच्या काचा उघड्या असल्या की हा धूर जास्तच आत येतो, तेही सांगितलं.

वास कमी झाला, गेला नाही. सकाळी थंड गाडी सुरू केली की मागे उभं राहवत नव्हतं. आणि तो वास मला ओळखीचा वाटत होता. बाबांच्या शर्टाला यायचा तो. पद्मिनी, अॅम्बॅसिडरच्या काळात सगळ्याच गाड्यांचा धूर तसा असायचा, म्हणून कुणाच्या नाकाला वेगळा लागत नव्हता. कॅट असलेल्या गाडीत पेट्रोल जास्त जात असलं तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो, गंधकाचा. हल्ली पेट्रोलमधलंच गंधक कमी झाल्याने तो क्वचित येतो. हा तसा नव्हता. हा कच्चा, घशात खवखवणारा.

मी म्हटलं, "शेठ, आता एवढा यायचाच. सरळ पाइप आहे." ते म्हणाले, "हे पाइप घालताना का नाही सांगितलं?"

उत्तर नव्हतं. वर मला तेव्हा दुसरीच धास्ती होती. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वास येतोय तो बाकीच्या धुराचा, पण तो आत येतोय म्हणजे बिनवासाचा गॅसही त्याच वाटेने आत येतोय, आणि मागच्या सीटवर ती पोरगी झोपलेली.

त्यांच्या गाडीला नवीन कॅट बसवल्या. मजुरी घेतली नाही, मालाचे पैसे हप्त्याने घेतले. गाडी गरम झाल्यावर कॅट काम धरते, अडीचशे-तीनशे अंशांच्या पुढे, म्हणून सुरुवातीचा मिनिटभर थोडा वास राहतो. त्यानंतर नाही.

त्या दिवसापासून कॅट कापणं बंद. धंदा निम्म्यावर आला, शेजारचा हसला. भावाशी सहा महिने धुसफूस चालली, ते इथे नको. पाइप वाकवायच्या मशिनच्या हप्त्यांवर हप्ते असताना आम्ही ईसीयूतले बिघाड वाचणारा स्कॅनर घेतला. आता कॅट चोंदली तर आधी ती का चोंदली ते शोधतो, प्लग, कॉइल, ऑइल पिणं. नाही तर नवीन कॅटचीही तीच गत. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर प्रदूषणाचा दंड 10,000 रुपयांपर्यंत गेला. पीयूसीत बीएस-4 (धुराच्या नियमांची एक पायरी) पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्के आणि हायड्रोकार्बन 200 पीपीएमच्या आत लागतं. त्यामुळे पूर्वी आम्ही पाइप घातलेल्या बऱ्याच गाड्या परत आमच्याच दारात येतात. गोकाकचा एकजण आला तो दारातूनच म्हणाला, "वास्नी बरतैत्री," म्हणजे वास येतोय. मी आमच्या जुन्या कामाचं कार्ड मागितलं नाही, टाका बघूनच ओळखलं.

आमचं जुनं काम असेल तर कॅट बसवायची मजुरी घेत नाही. वासाची तक्रार असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवा, थंड इंजिनावरच नीट कळतं. अमावास्येला दुकान बंद.