जुन्या कीबोर्डचं एकच बटण बंद पडतं तेव्हा

स्क्रूड्रायव्हर उचलण्याआधी कागद-पेन घ्या. सगळी बटणं एकेक करून दाबा आणि कोणती उमटत नाहीत ते लिहून काढा. एकच बटण गेलं असेल तर दोष बहुधा त्याच्याखालीच असतो. पण सहा-आठ बटणं एकदम गेली असतील, तर बटणं उघडून काही हाती लागणार नाही. सगळी बटणं आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीवर बसवलेली असतात, म्हणजेच मॅट्रिक्सवर. कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकात ही जाळी ८ × ८ ची आहे, म्हणून एक रेषा तुटली की आठ बटणं गप्प होतात. तिथे कनेक्टर, केबल आणि कीबोर्ड वाचणारी चिप तपासायची. कमोडोरची जॉयस्टिक आधी काढून ठेवा. जॉयस्टिकचं पोर्ट १ आणि कीबोर्ड यांच्या रेषा एकच आहेत, त्यामुळे अडकलेली जॉयस्टिक भलतीच अक्षरं उमटवते.

पुढचं सगळं बटणाखाली काय आहे यावर ठरतं.

चेरी एमएक्स किंवा आल्प्स या बनावटींसारखे, प्रत्येक बटणाला वेगळे असे सुटे स्विच असतील तर काम सरळ आहे. बटणाची टोपी तारेच्या पुलरने सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने एका बाजूने उचकटली तर आल्प्सचा टोपीखालचा दांडा मोडतो, आणि जुनं प्लास्टिक लवत नाही, तडकतं. कीबोर्ड मशीनपासून सोडवा, मल्टीमीटर बीपवर (जोडणी सलग असेल तर वाजणाऱ्या सेटिंगवर) लावा आणि स्विचच्या दोन पिनांवर टोकं धरून बटण दाबा. बीप आला तर स्विच निर्दोष आहे. मग भिंगाखाली पिनेभोवतीचं सोल्डर पाहा. पिनेला वळसा घालणारी बारीक काळी चीर दिसली तर फक्त पुन्हा डाख द्या. चीर नसेल तर बोर्डवरची रेषा शेजारच्या बटणापर्यंत तपासत जा आणि तुटली असेल तिथे मागच्या बाजूने बारीक तार जोडा.

बीप आला नाही किंवा तुटक आला, तर आतल्या पट्ट्यांवर मळ किंवा गंज आहे. आधी दांडा दाबून कडेने कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच थेंब सोडा आणि बटण पन्नासेक वेळा दाबा. एमएक्सचं बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. आल्प्समध्ये मात्र थेंब सोडू नका. आतलं वंगण विरघळून पसरतं आणि बटण कायमचं खरबरीत होतं.

तरीही बोलत नसेल तर स्विच काढायचा. सोल्डरिंगची इस्त्री ३३० ते ३५० अंश सेल्सिअसवर ठेवा. जुनं सोल्डर नीट वितळत नाही, म्हणून आधी त्यावर थोडं ताजं ६०/४० (कथील-शिसं) सोल्डर चढवा आणि मग वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या सकरने ओढा. एका पिनेवर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका. एकतर्फी बोर्डवर तांब्याचा ठिपका पटकन सुटतो, आणि तो उखडला की मूळ दुरुस्तीपेक्षा मोठं काम अंगावर येतं. पिन भोकात सुटी हलते का ते चिमट्याने पाहा आणि मगच स्विच ओढा. नवा स्विच मिळत नसेल तर क्वचितच लागणाऱ्या स्क्रोल लॉकचा स्विच तिथे आणा आणि बिघडलेला त्याच्या जागी लावा. मला हाच उपाय सर्वांत योग्य वाटतो, कारण स्प्रिंगचा जोर आणि आवाज बाकीच्या बटणांशी जुळतो.

कमोडोर ६४ मध्ये सुटे स्विच नसतात. दांड्याच्या टोकाला वीजवाहक रबर असतं आणि ते बोर्डवरच्या संपर्कांवर टेकतं. मागचे बारीक स्क्रू काढून ठेवा. शिफ्ट लॉकच्या दोन तारा सोल्डर केलेल्या असतात, त्या सोडवल्याशिवाय बोर्ड निघत नाही. संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा आणि रबराचं टोक साध्या कागदावर चार-पाच वेळा हलकंच घासा. सँडपेपर अजिबात नको, त्याने वाहक थरच निघून जातो. बोर्ड बंद करण्याआधी दुरुस्त केलेल्या आणि शेजारच्या चांगल्या बटणाचा दाबलेल्या स्थितीतला रोध मोजा. फरक मोठा असेल तर कमी वापरातल्या बटणाचा दांडा आणून बसवा.

आयबीएमचा मॉडेल एम हा स्प्रिंगवाला कीबोर्ड आला १९८५ मध्ये. त्याच्याबाबतीत कान हेच पहिलं साधन. बटण दाबल्यावर ‘टक’ येत नसेल तर स्प्रिंग जागेवरून हलली आहे. टोपी काढा, स्प्रिंग सरळ आहे ना ते पाहा आणि कीबोर्ड स्पेसबार वर येईल असा उभा धरून टोपी दाबून बसवा. आडव्या कीबोर्डवर बसवली की स्प्रिंग चुकीच्या बाजूला झुकते. ‘टक’ येतो पण अक्षर उमटत नाही, असं असेल तर संपर्काच्या रेषा असलेल्या आतल्या पातळ प्लास्टिक पडद्यांची किंवा मागच्या प्लास्टिकच्या रिवेटांची पाळी. रिवेट तुटले की पोलादी पत्रा सैल होतो आणि त्या भागातली बटणं क्षीण होतात. बाहेरच्या पेटीचे स्क्रू ५.५ मिमीच्या खोल नट ड्रायव्हरने निघतात. तुटलेल्या रिवेटच्या जागी १.५ मिमीच्या ड्रिलने भोक पाडून २ मिमी जाडीचे, ८ मिमी लांबीचे बोल्ट लावा. ड्रिल सरळच धरा, तिरकं गेलं तर भोक बटणाच्या नळीत निघतं. बोल्ट करकचून आवळू नका, नाहीतर प्लास्टिक चिरतं.

कॉम्पॅक पोर्टेबल आणि ॲपल लिसा या जुन्या संगणकांच्या कीबोर्डमध्ये स्पंजवर चिकटवलेली पातळ चकती असते. बटण दाबलं की धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) बदलते, संपर्क होत नाही. म्हणून मल्टीमीटरचा बीप इथे कधीच येणार नाही, आणि तो न येणं हा दोषाचा पुरावा नाही. स्पंज वयाने भुगा होतो. एका बटणाचा भुगा झाला असेल तर बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, तेव्हा एकेकटा बदलण्यात वेळ घालवू नका, सगळे बदला. चकतीची मूळ बाजू बोर्डकडे कोणती होती त्याचा फोटो काढून ठेवा. उलटी बसवली तर नवा स्पंज घालूनही बटण मुकंच राहतं.

कोणताही कीबोर्ड जोडताना मशीन बंद असू द्या. पेटी लावण्याआधी यादीतली सगळी बटणं पुन्हा दाबा, आणि शिफ्ट धरूनही दाबून पाहा, कारण दुरुस्तीत पडलेल्या सोल्डरच्या थेंबाने शेजारच्या अक्षराची रेषा जोडली गेली असेल तर ते तेव्हाच कळतं.