पावणेचार तास आधी

रविवार, रात्रीचे अकरा

आई आत झोपलीय. दार अर्धवट लोटलंय आणि तिच्या घोरण्याचा बारीक आवाज इथपर्यंत येतोय. मूळ तिकिटाप्रमाणे मी या घटकेला विमानात असते, आणि ती बाहेरच्या खुर्चीत फोन मांडीवर घेऊन डुलक्या काढत बसली असती. वय ८१. कितीही सांगा, घरचं माणूस आत आल्याशिवाय ती आडवी होत नाही. म्हणजे आज वाचलेले पावणेचार तास खरं तर तिचे.

आज वाटेतल्या विमानतळावर पुढची फ्लाइट बदलून घेतली आणि आधीच्या विमानाने आले. ते कसं जमलं, हे डोळे मिटायच्या आत सगळं लिहून ठेवते. पुढच्या खेपेला मलाच लागेल.

पहिलं विमान १२:२० ला उतरणार आणि पुढचं २१:३५ ला सुटणार. मध्ये सव्वानऊ तास. तिकीट काढताना मधल्या फ्लाइट्स दिसत होत्या, पण भाड्यात फार फरक होता. अटी मात्र या वेळी शब्द न् शब्द वाचल्या. प्रवासाच्याच दिवशी, त्याच मार्गावर, जागा असेल तर आधीची फ्लाइट घेता येईल, असं त्यात होतं. ही मुभा प्रत्येक तिकिटावर नसते. काही तिकिटांवर बदल चालतच नाही, काहींवर भाड्यातला फरक भरावा लागतो. दोन टप्प्यांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर ती गोष्टच निराळी, कारण पहिल्या विमानाला उशीर झाला तरी दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं.

तीन वर्षांपूर्वी मी असाच अकरा तासांचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, मुकाट्याने काढला होता. समोरच्याच गेटवरून माझ्याच गावचं विमान दुपारी सुटलं. शेवटची घोषणा झाली तेव्हा गेटपाशी मोजकीच माणसं होती. मी खुर्चीत बसून बघत राहिले. तिकिटावर जे छापलंय ते छापलंय, असं मनात पक्कं होतं, त्यामुळे उठून विचारलंसुद्धा नाही. घरी पोचले तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते आणि आई जागी होती. तिचे ते लाल झालेले डोळे अजून आठवतात.

त्याच्या पुढच्या वर्षी विचारलं, पण घाई केली. जागा आहे म्हटल्यावर धावत सुटले, बॅगेचा विचारच केला नाही. मी वेळेत पोचले, बॅग दोन दिवसांनी आली.

आज विमानातून उतरले ती थेट ट्रान्सफर डेस्कवर, म्हणजे पुढचं विमान पकडणाऱ्यांसाठीच्या काउंटरवर. पुढे सहा-सात माणसं. रांगेत उभ्याउभ्याच ॲपमध्ये बघून दोन्ही फ्लाइट्सचे नंबर आणि वेळा कागदावर लिहिल्या: १५:१० आणि १७:५०. नुसतं ‘लवकरचं काही आहे का’ असं विचारलं, की समोरच्याला सगळं शोधत बसावं लागतं. नंबर हातात दिला की काम झटकन होतं.

काउंटरवरची मुलगी विशीतली असेल. मी म्हटलं, “रात्रीची जागा अजून सोडू नका. आधी या दोन्हींत काय आहे तेवढं फक्त बघा.” हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं. दोन्ही बोर्डिंग पास मला सकाळीच मिळाले होते, म्हणजे सिस्टिममध्ये मी रात्रीच्या फ्लाइटवर चेक-इन झालेली होते. दुसऱ्या फ्लाइटवर जायचं तर आधी ते चेक-इन काढावं लागतं, मग तिकीट बदलतं, मग नवा पास निघतो. हा क्रम मध्येच अडकला तर माणूस ना इकडचा ना तिकडचा.

तिने सांगितलं, “१५:१० भरलीय, स्टँडबायवर टाकू शकते. १७:५० मध्ये चार सीट आहेत, आत्ता पक्कं करून देते.”

स्टँडबाय म्हणजे गेटवर बसायचं आणि कोण येत नाही याची वाट बघायची. गेट बंद व्हायच्या सुमारास न आलेल्यांच्या जागा मोकळ्या होतात आणि यादीतली नावं पुकारली जातात. नाव आलं तर धावत आत, नाही आलं तर रात्रीची जागा आहेच. ही सोय वाईट नाही. पाठीवर एक पिशवी घेऊन निघालेल्याने जरूर करावी. पण माझी २२ किलोची बॅग पोटात घेऊन एक यंत्रणा चालू होती आणि मागच्या वेळचे ते दोन दिवस मी विसरले नव्हते.

“बॅग कुठल्या विमानात येईल?” मी विचारलं.

तिने बोर्डिंग पासच्या मागे चिकटवलेला टॅगचा तुकडा मागितला. त्यावरच्या दहा आकड्यांवरून बोट फिरवत तिने ते एकेक टाइप केले. मी म्हटलं, बॅगेवरच्या टॅगवर तर रात्रीच्या फ्लाइटचा नंबर छापलाय, तो आता कोण बदलणार? तेव्हा तिने मान वर केली आणि मागे रांग असतानाही नीट समजावून सांगितलं. छापलेला फ्लाइट नंबर माणसांच्या डोळ्यांसाठी असतो. पट्ट्यांवरून बॅगा वळवणारी मशिन्स बारकोडमधला तो दहा आकडी नंबरच वाचतात आणि या नंबरची बॅग कुठल्या फ्लाइटला जायची ते कॉम्प्युटरला विचारतात. तिथली नोंद बदलली की टॅग जुना असला तरी बॅग नव्या वाटेने जाते. इतका प्रवास केला, पण हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मोठ्या विमानतळांवर फार लवकर आलेल्या बॅगा ठेवायला वेगळं कोठार असतं. सव्वानऊ तासांच्या लेओव्हरमुळे माझी बॅगही तिथेच जाऊन पडली असती, रात्रीच्या फ्लाइटची वेळ होईपर्यंत. तिने फोन उचलला, दोन वाक्यं बोलली, थांबली, पुन्हा नंबर वाचून दाखवला. मग म्हणाली, “१७:५० ला नक्की होईल. १५:१० ला सांगता येत नाही.”

मी १७:५० घेतली. लेओव्हर सव्वानऊचा साडेपाच तासांवर आला. त्याहून कमी करायचा मोह होता, नाही असं नाही. पण पक्की जागा आणि सोबत बॅग, हे मला आणखी जवळजवळ पावणेतीन तासांपेक्षा मोलाचं वाटलं.

प्रवासी एका विमानात आणि बॅग दुसऱ्याच विमानात, याबद्दल हे लोक इतके काटेकोर का असतात, तेही बसल्याबसल्या आठवत राहिलं. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर फुटलं आणि ३२९ माणसं गेली. ज्या बॅगेत बॉम्ब होता ती व्हँकुव्हरला चेक-इन झाली होती. ती बॅग देणारा प्रवासी पुढच्या विमानाच्या प्रतीक्षायादीत होता, तरी बॅग पुढे पाठवा म्हणून त्याने हट्ट धरला. बॅग टोरांटोला एका विमानातून दुसऱ्यात गेली, माणूस विमानात चढलाच नाही. आज आंतरराष्ट्रीय उड्डाणांत प्रवासी आला नाही तर त्याची बॅग शोधून खाली उतरवतात, आणि त्यासाठी विमान खोळंबलं तरी उतरवतात. अशा वेळी खुर्चीत चुळबुळ करणाऱ्यांत मीही असायचे. यापुढे करणार नाही.

मधल्या साडेपाच तासांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. पाठ टेकायला एक बरी जागा मिळाली, डोळा लागला. एक नोंद मात्र करायला हवी. फ्लाइट बदलली की आधी निवडलेली सीट आणि खाण्याची खास मागणी आपोआप सोबत येतेच असं नाही. माझी खिडकीची सीट गेली, मधली मिळाली. औषधं मी आता नेहमी हातातल्या पिशवीतच ठेवते, ती मागच्या वेळची शिकवण.

गेटवर पाच वाजल्यापासून दर दोन मिनिटांनी ॲप उघडून बघत होते. बॅग ताब्यात घेताना, एका विमानातून दुसऱ्यात देताना, विमानात चढवताना आणि पोचल्यावर परत करताना तिचा माग ठेवावा, असा नियम विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने, आयाटाने, जून २०१८ पासून लागू केलाय. त्यातला थोडा भाग काही कंपन्या प्रवाशालाही दाखवतात. १७:२१ ला माझ्या बॅगेपुढे ‘विमानात चढवली’ असं आलं. बोर्डिंग चालू झालं होतं, आणि मला इतकं हायसं वाटलं की रांगेत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी बाईंना मी ते दाखवलं. त्यांनीही आपला फोन उघडून स्वतःची बॅग शोधायला घेतली.

उतरल्यावर पट्ट्यावर बॅग पाचवी-सहावी आली. टॅग तोच, त्यावर अजून रात्रीच्याच फ्लाइटचा नंबर.

सव्वानऊला घरी पोचले. आईने दार उघडलं, घड्याळाकडे बघितलं आणि विचारलं, “अगं, तू तर एक वाजता येणार होतीस ना?” निघण्यापूर्वी मी तिला मुद्दामच काही कळवलं नव्हतं. ऐन वेळी काही बिनसलं असतं तर तिचा जीव टांगणीला लागला असता. दहा वाजता ती आपणहून उठली, दिवे घालवले आणि झोपायला गेली.

ते २१:३५ चं विमान उतरायला आता अर्धा तास आहे. त्यातली माझी खिडकीची जागा स्टँडबायवर बसलेल्या कोणाला तरी मिळाली असावी, असं मनापासून वाटतंय.