वरून तिसरी पायरी

अहमदाबादला गेलो ते भाचीमुळे. ती तिथल्या सेप्टमध्ये आर्किटेक्चर शिकते, शेवटचं वर्ष, आणि सेमिस्टर संपली की मुलांची कामं सगळ्यांना बघायला मांडतात. फोनवर म्हणाली, "मामा, तू तीस वर्षं लोकांची घरं बांधतोयस, एकदा आमचं काम पण बघायला ये की." ताई म्हणजे तिची आई, तिचे गुडघे धरलेत, तिला एवढा प्रवास झेपत नाही, म्हणून तिच्या वाटणीचं पण बघून यायचं असं ठरवून एकटाच निघालो. सांगलीहून पुणे, पुण्याहून रात्रीची गाडी. झोप अशी झालीच नाही, वरच्या बर्थवरचा माणूस पहाटेपर्यंत फोनवर होता.

पहिल्या दिवशी जेवढं जमलं तेवढं बघितलं. साबरमती आश्रमातलं, वास्तुकार चार्ल्स कोरियांनी बांधलेलं 1963 चं संग्रहालय, साध्या विटांचे खांब आणि कौलं, तिथे तासभर नुसता बसून होतो. सिदी सय्यदची जाळी, अडालजची विहीर, रात्री माणेक चौकात तव्याभर लोण्यातली पावभाजी. एका नामवंत आवारात मात्र वॉचमनने गेटवरूनच परत पाठवलं, आधी परवानगी काढायला लागते म्हणे, अर्धा दिवस तिथेच गेला. हे सगळं बघण्यासारखं आहेच, पण त्यावर लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवसाबद्दल.

सेप्टचं आवार बघून आधी बरं वाटलं ते अशासाठी की इमारत अंगावर येत नाही. वीट आणि काँक्रीट, दोन्ही उघडंच ठेवलेलं, प्लास्टर नाही, रंग नाही, खाली मोकळं, मुलं जिन्यावर, कट्ट्यावर, जागा मिळेल तिथे बसलेली, आणि वर्गांना उत्तरेचा उजेड, म्हणजे दिवसभर डोळ्यावर ऊन न येता काम करता येतं. हे बाळकृष्ण दोशींनी बांधलेलं, शाळाही त्यांनीच 1962 मध्ये सुरू केली. दोशी मूळचे पुण्यात जन्मलेले, घरचा फर्निचरचा व्यवसाय, शिकले मुंबईच्या जे.जे.मध्ये, मग पॅरिसला कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुकाराच्या हाताखाली, आणि त्याच्याच इथल्या इमारतींवर देखरेख करायला आले ते अहमदाबादचेच झाले. 2018 मध्ये त्यांना प्रित्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सगळ्यात मोठं पारितोषिक, मिळालं, तेव्हा आपल्याकडच्या पेपरात बातमी वाचली होती आणि पान उलटलं होतं. पुण्यात जन्मलेला माणूस आणि मला त्यांची एक इमारत धड माहिती नव्हती, या धंद्यात राहून. याचं मला तिथे उभं राहून वाईट वाटलं.

पण त्या शहराने मोठी नावं नुसती भिंतीवर टांगून ठेवलेली नाहीत, हे आत गेल्यावर कळलं. भिंतीभर शीट्स, टेबलांवर पुठ्ठ्याची आणि लाकडाची मॉडेलं, कोपऱ्यात दोन पोरं सॅकवर डोकं टेकून गाढ झोपलेली, चार रात्री जागलेली असणार. एकाने भाजीवाल्यांची लारी, म्हणजे हातगाडी, नव्याने केली होती, वजन मागच्या चाकांवर जाईल अशी, आणि खाली पाण्याचा कॅन अन् वजनकाटा ठेवायला जागा, मी ढकलून बघितली, खरंच हलकी जात होती. एका मुलीची खुर्ची, एकही खिळा नाही, एक लाकूड दुसऱ्यात असं घुसवलेलं की माझ्या ओळखीतल्या चांगल्या सुतारानेसुद्धा वळून बघावं. भाचीने तिचं काम दाखवलं, छान होतं, अभिमान वाटला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ती वाचेल.

तिच्या शेजारच्या भिंतीवर तिच्या मैत्रिणीचं काम होतं आणि तिथेच माझे पाय थांबले.

ही मैत्रीण अहमदाबादचीच, खाडियातल्या एका पोळीतली. पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली, पण आपल्या गल्लीसारखी नाही, तोंडाशी दरवाजा, आत भिंतीला भिंत लावून घरं, मधे पक्ष्यांना दाणे टाकायचा चबुतरा, अख्ख्या पोळीचं मिळून एक कुटुंब. या जुन्या शहराला 2017 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, भारतातलं पहिलंच शहर. तर या मुलीने प्रोजेक्ट म्हणून स्वतःचं घर मोजून काढलं होतं. एकास वीसच्या स्केलला, प्लॅन आणि सेक्शन, म्हणजे घर उभं कापलं तर आत दिसेल तसं, प्रत्येक तुळई, प्रत्येक कोनाडा, देवघरातली घंटा सुद्धा. शिवाय जिथे मोडलंय तिथे काय दुरुस्त करायचं आणि कसं, कोणतं लाकूड, चुना की सिमेंट, सगळं लिहिलेलं. मी कामाच्या सवयीने सेक्शन वाचत होतो तेवढ्यात तिच्या घरचे आले. वडील, काका आणि बा, म्हणजे आजी. बा अगदी बारीक, पांढरी साडी, चष्म्याला दोरी.

बांनी आधी नुसतं बघितलं, बराच वेळ. त्यांना वाटलं असेल नकाशा आहे म्हणून. मग मुलीने त्यांचं बोट धरून ओटल्यावर ठेवलं, म्हणाली, बा, इथून आत या. आणि त्या खरंच आल्या. बोट ओटल्यावरून खडकीत, म्हणजे दारातल्या खोलीत, खडकीतून चौकात, चौकात थांबलं, मग स्वयंपाकघराकडे, आणि विचारलं, "मारुं पाणियारुं क्यां?" पाणियारुं म्हणजे पाण्याच्या हंड्यांची जागा, दिवा लावायची सुद्धा जागा. ते काढलेलं होतं. त्यावर गोल करून हंडेही काढलेले होते. बा हसल्या. मग बोट जिन्यावर गेलं, एकेक पायरी वर, आणि वरून तिसऱ्या पायरीवर थांबलं. "आ पगथियुं खोटुं छे."

ही पायरी चुकलीय. मुलीला कळेना. बा म्हणाल्या, ही बाकीच्यांपेक्षा बसकी आहे, मी लग्न होऊन आले त्या रात्री अंधारात इथेच अडखळले, तेव्हापासून उतरताना मोजून उतरते. हे मला भाचीने मराठीत सांगितलं पण बांचा हात बघूनच अर्ध कळलं होतं, चार बोटं आडवी धरून त्या उंची दाखवत होत्या. मुलीचा चेहरा पडला. तिने जिन्याची पूर्ण उंची मोजली होती आणि पायऱ्यांच्या संख्येने भागली होती. आम्ही सगळे तेच करतो. सुपरवायझर पण तेच करतो. जन्मापासून ती त्या जिन्यावरून चढते-उतरते, पायांना ठाऊक होतं पण हाताने काढलं नाही.

आता तिने काय करावं. लोक येत होते, कुणी शिक्षकही दोन पावलांवर उभे होते. तिने पेन्सिल घेतली, छापलेल्या शीटवर, सगळ्यांसमोर, ती पायरी बारीक रेषेने खाली आणली आणि बाजूला गुजरातीत लिहिलं, बा कहे छे. बा सांगतात. एवढंच. एकास वीसला तो फरक कागदावर दोन-अडीच मिलिमीटरचा असेल. मी तीस वर्षांत साइटवर चूक झाकलेली बघितलीय, प्लास्टरने, टाइलने, आणि खरं सांगायचं तर झाकलीय सुद्धा. बावीस-तेवीस वर्षांची पोर सगळ्यांदेखत चूक उघडी ठेवते आणि ज्याने दाखवली त्याचं नाव बाजूला लिहिते, मला बोलताच येईना. नुसता नमस्कार केला बांना.

त्यांनी लगेच घरी बोलावलं. गुजराती माणसाच्या आतिथ्याबद्दल ऐकलं होतं पण अनोळखी माणसाला सकाळी नाश्त्याला या म्हणणं आणि मनापासून म्हणणं, हे आपल्याकडे आता कमी झालंय, मान्य करा.

सकाळी गेलो. समोरून घर अरुंद, आत खोलच खोल. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांबरोबर एकच, त्यामुळे उजेड आणि वारा फक्त मधल्या चौकातून, आणि बाहेर ऊन असताना आत मात्र गारवा. चौकाच्या फरशीखाली टाकं, पावसाचं पाणी छपरावरून नळीने आत उतरतं, पहिल्या सरी सोडून द्यायच्या, छप्पर धुऊन निघालं की मग पाणी आत घ्यायचं. अंधारात असल्यामुळे वर्षभर टिकतं. नळ केव्हाच आलाय पण डाळ शिजवायला बा अजून टाक्यातलंच घेतात, लवकर शिजते म्हणाल्या. मला त्या टाक्यातलं पेलाभर पाणी दिलं. चव अशी नाहीच त्याला, तीच त्याची चव.

भिंतीत विटांच्या थरांमधून आडवी लाकडं घातलेली दिसली, जिथे प्लास्टर पडलंय तिथे. मुलगी म्हणाली, काका, 2001 च्या भूकंपात नव्या भागात खाली पार्किंग मोकळं सोडलेल्या कितीतरी बिल्डिंगा बसल्या आणि पोळीतली अशी घरं बहुतेक उभी राहिली, कारण लाकूड भिंतीला बांधून ठेवतं, थोडं हलू देतं. तिला हे मला शिकवायचं नव्हतं, ती सहज बोलत होती, पण मी गप्प झालो. टीडीआरचं पण तिला सगळं माहीत होतं, म्हणजे वारसा घर पाडलं नाही तर वरच्या न वापरलेल्या बांधकामाचा हक्क विकता येतो आणि त्यातून दुरुस्ती करता येते, कागदपत्रं काकांना तीच करून देतेय. आणि पोळीतल्या आणखी तीन घरांनी तिला म्हटलंय, आमचंही मोजून दे.

निघताना जिना चढलो. खिशात टेप कायम असतोच. आठ इंच, आठ, आठ, आणि वरून तिसरी सहा. बा खालून बघत होत्या. मी वरून बोटांनी सहा दाखवले तर त्यांनी मान हलवली, मग, सांगत नव्हते का, अशी.

आता जे लिहितोय ते आधी कुणाला सांगितलेलं नाही. सांगलीतला आमचा वाडा 2004 मध्ये मीच पाडला. वाटण्या झाल्या होत्या, पावसात माळवद गळत होतं, भावांना फ्लॅट हवे होते, सगळं खरं. पण मोजला नाही. एक रेष काढली नाही. सागवानी तुळया फर्निचरवाल्याला दिल्या, जोत्याचे दगड नव्या इमारतीच्या पायात घातले, आणि वर चार मजली उभी केली, खाली पार्किंग सोडून. एकच फोटो आहे, काकांच्या लग्नातला, मागे सोप्याचा, म्हणजे पुढच्या ओसरीचा, अर्धा दरवाजा दिसतो. माझ्या हातात टेप होता, गडी होते, वेळ होता, आणि एका दिवसाचं काम होतं.

येताना गाडीत प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आठवेल तसा वाडा काढायला बसलो. सोपा आला, माजघर आलं, परड्यातला आड आला, जिन्याच्या पायऱ्या किती ते नाही आलं. देवघराजवळ अडलो. दार आत उघडायचं का बाहेर, काही केल्या आठवेना. वसईच्या आसपास रेंज आली तसा ताईला फोन लावला. ती म्हणाली, पोरीचं काम कसं होतं ते आधी सांग. सांगितलं. मग दाराचं विचारलं.

"बाहेर," ताई लगेच म्हणाली. "आत उघडलं असतं तर आईच्या पाटाला लागलं असतं. आणि उंबरा काढ, विसरशील, डावीकडे झिजलेला होता."